मदत हवी आहे: जुने जावा अ‍ॅपलेट आता कुठल्या ब्राउझरवर चालतील?

मंडळी, अकरावीच्या पोरांना लेन्स शिकवायला माझ्याकडे जुने जावा अ‍ॅपलेट आहेत (म्हणजे वेब पानातच चालणारे छोटे प्रोग्रॅम), माऊसने मेणबत्ती पुढेमागे सरकवली की प्रतिमा लगेच उलटी, लहान-मोठी होते, फळ्यावर कितीही किरण काढा ती मजा नाही. पण आता पान उघडलं की नुसता करडा चौकोन. क्रोमने ४५ व्या आवृत्तीपासून म्हणजे २०१५ मध्येच प्लगइनचा (ब्राउझरला जोडलेला जावा चालवणारा भाग) जुना सपोर्ट काढला, फायरफॉक्सने २०१७ ला ५२ मध्ये फक्त फ्लॅश ठेवून बाकी सगळं बंद केलं, आणि जावा ११ मध्ये तर प्लगइनच नाही, म्हणजे नवीन जावा टाकून काही उपयोग नाही हे कळलं.

एजच्या आयई मोडमध्ये (पान जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं उघडतं तो) जावा ८ टाकून चालतं म्हणे, पण ते विंडोजपुरतंच आणि लॅबमधले अर्धे पीसी उबंटूवर (लिनक्स) आहेत. म्हणून ब्राउझरमध्येच जावा चालवणाऱ्या चीअरपीजे एक्स्टेन्शनचा विचार करतोय, त्याला वेगळं जावा लागत नाही. कोणी वापरलंय का? पेनड्राइव्हवरची एचटीएमएल आणि जार (जावा प्रोग्रॅमची) फाइल त्यात थेट उघडते की लोकल सर्व्हर चालवावा लागतो? जुन्या पीसीवर फार स्लो होतं का? सोर्स कोड नाहीये, त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहा असं प्लीज सांगू नका.