अपराइट व्हॅक्यूम क्लीनर: ओढ गेली, रबर जळल्याचा वास येतो, दहा मिनिटांत बंद पडतो

गवतीचहा:
न्यू जर्सीत भाड्याचं घर आहे, दोन्ही बेडरूममध्ये आणि हॉलमध्ये कार्पेट. व्हॅक्यूम अपराइट, बॅग नसलेला, पारदर्शक डब्याचा. लेबलवर १२० व्होल्ट, १० अँपिअर. साडेतीन वर्षं वापरात आहे.

आता सांडलेले तांदळाचे दाणे एका फेरीत उचलत नाही, तीन-चार फेऱ्या लागतात. थोडा वेळ चालला की रबर जळल्याचा वास येतो. ८-१० मिनिटांत आपोआप बंद पडतो आणि तासाभरानं काहीच झालं नाही असा पुन्हा चालू होतो. आवाजही पूर्वीपेक्षा चिरका झालाय. डबा दर वेळी रिकामा होतो, फिल्टर मात्र फक्त झटकला आहे, धुतलेला नाही. मोटर गेली असं समजायचं का? घरात स्क्रूड्रायव्हरचा सेट आणि मल्टीमीटर आहे.

पान्हा_१२:
मोटर गेलेली नाही. गेलेली मोटर तासाभरानं आपली आपण बरी होत नाही. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकाच वेळी झालेले दिसतात: हवेची वाट तुंबली आहे आणि खालचा ब्रशचा रोलर अडकतो आहे.

चिरका आवाज हा सगळ्यात मोठा पुरावा. वाट मोकळी असते तेव्हा मोटरच्या पंख्याला भरपूर हवा ढकलावी लागते, त्यामुळे तिच्यावर भार असतो. वाट बंद झाली की ढकलायला हवाच उरत नाही, भार उतरतो, मोटर जास्त वेगानं फिरते आणि आवाज चढतो. होजच्या (लांब लवचिक नळीच्या) तोंडावर तळवा ठेवून बघा, अगदी तसाच आवाज येईल. बॅग नसलेल्या बहुतेक अपराइटमध्ये मोटरला थंड करते ती फिल्टरमधून गाळून आलेली हीच हवा. ती मिळाली नाही की मोटर तापते आणि आतला थर्मल कटआउट वीज तोडतो. मोटर जळू नये म्हणूनच तो बसवलेला असतो. म्हणून तुंबलेलं मोकळं न करता थंड झाला की पुन्हा चालू, असं करत राहू नका. दर वेळी वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन थोडं थोडं भाजतं, आणि मग खरंच मोटर जाते.

काहीही उघडण्याआधी एक चाचणी करा. होज वरच्या नळीतून सोडवा, मशीन चालू करा, होजच्या तोंडाशी हात धरा.

होजला ओढ जोरदार आणि जमिनीवर कमजोर: दोष खालच्या भागात. ब्रशच्या मागचं तोंड किंवा पायापासून अंगाकडे जाणारी लहान लवचिक नळी. ही मानेच्या सांध्यात लपलेली असते, मशीन आडवं करून दोन स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे बरेच जण ती तपासतच नाहीत.

होजलाही ओढ कमजोर: फिल्टर, डबा, झाकणाचं रबर किंवा खुद्द होज.

होज पूर्ण सोडवून वरून एक गोटी टाका. दुसऱ्या टोकानं बाहेर पडली नाही तर आत बोळा आहे. तो झाडूच्या लाकडी दांड्यानं हलके ढकला. कपड्यांच्या हँगरची तार घालू नका, होजला भोक पडतं आणि मग ओढ कायमची जाते. होजमध्ये विजेच्या तारा नसतील तरच ती पाण्यानं धुवा.

आणि मशीन चालू करून घ्यायची ती चाचणी सोडली तर बाकी सगळं प्लग भिंतीतून काढून. नुसतं स्विच बंद करून नव्हे.

उंबरठा:
फिल्टरबद्दल सविस्तर लिहिते, कारण झटकून त्यातलं काही निघत नाही. जाड धूळ पडते, बारीक धूळ फोमच्या छिद्रांत तशीच राहते.

अशा मशीनला बहुधा दोन फिल्टर असतात. मोटरच्या आधीचा फोम-फेल्टचा आणि मोटरनंतरचा, बाहेर पडणारी हवा गाळणारा. पहिला धुवायचा असतो. गार पाण्याच्या नळाखाली धरून हातानं दाबत राहा, पिळवटू नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत. फेल्टची बाजू घासायची नाही, तिचे धागे उठतात. मग किमान २४ तास वाळवायचा, थंडीत किंवा दमट हवेत ४८. हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह, कपड्यांचा ड्रायर यातलं काही नको, फोम आखडतो आणि कडेनं फट राहते. ओलसर फिल्टर लावला तर दोन गोष्टी होतात: धूळ त्यावर चिखलासारखी बसते आणि ओल मोटरमध्ये जाते. मशीनला येणारा कुबट वासही बहुतेक वेळा याचाच. उपाय सोपा, दोन फिल्टर ठेवा आणि आलटून पालटून लावा.

मोटरनंतरचा फिल्टर हेपा असेल तर त्यावर ‘धुता येतो’ असं लिहिलं असेल तरच धुवा. अमेरिकेत खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. कागदासारख्या घड्यांचा हेपा एकदा भिजला की त्याचं ते काम संपलं, मग तो बदलायचाच.

आपल्या घरांतली एक खास गोष्ट. रांगोळी व्हॅक्यूमनं उचलू नका. ती दगडाची बारीक पूड असते, सायक्लोनच्या (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या भागाच्या) भोवऱ्यात पुरती खाली बसत नाही, थेट फिल्टरवर जाते. दिवाळीनंतर अचानक ओढ गेली तर बहुतेकदा कारण हेच. कणीक, बेसन, भिंत घासल्याची पुट्टी, कार्पेटवर भुरभुरवलेला खायचा सोडा यांचंही तसंच. रांगोळी आधी ओल्या फडक्यानं टिपून घ्या. आणि उदबत्तीची राख कोमट असताना कधीही ओढू नका, आतल्या विस्तवाला हवा मिळाली की डब्यातला केसाळ कचरा पेटू शकतो.

रीळ:
फिल्टर साबणानं धुतला तर काय बिघडतं? भांड्यांचा साबण दोन थेंब घातला की तेलकट धूळ लवकर निघते. स्वयंपाकघराला लागून कार्पेट असेल तर फोम चिकट होतोच.

उंबरठा:
बहुतेक मॅन्युअलमध्ये साबणाला मनाई असते आणि त्याला कारण आहे. साबण फोममध्ये राहिला तर वाळल्यावर तो धूळ धरून ठेवतो. वापरलाच तर फेस पूर्ण जाईपर्यंत दोन-तीनदा खळबळवा. पण फोम इतका चिकट झाला असेल तर नवा घेतलेला बरा.

पान्हा_१२:
साबणाबाबत सहमत. आता रबराच्या वासाकडे येऊ.

तो वास बेल्टचा, म्हणजे मोटरच्या दांड्यावरून रोलर फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याचा. मोटरचा दांडा फिरत राहतो, रोलर अडकलेला असतो, आणि बेल्ट दांड्यावर एकाच जागी घासत भाजतो. नवा बेल्ट टाकून काम होणार नाही, रोलर का अडकला ते शोधलं नाही तर तोही आठवड्यात जळेल.

मशीन जुन्या चादरीवर पालथं घाला. खालची प्लेट काढा. साधारण ४ ते ८ स्क्रू असतात, काहींना क्रॉस टोक, काहींना टॉर्क्स टी-१५ (सहा टोकांच्या ताऱ्यासारखं) लागतं. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून काढलेल्या क्रमानं पुठ्ठ्यावर खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर प्लास्टिक फुटतं. बेल्ट कसा बसलाय त्याचा फोटो काढा आणि मगच रोलर उचला.

रोलरवर गुंडाळलेले केस आणि दोरे टाके उसवायच्या आकडीनं लांबीच्या दिशेनं कापत जा. क्रोशाची सुईही चालते. ब्रशच्या केसांच्या मुळांना धक्का लावू नका. खरी अडचण दोन्ही टोकांना असते. टोपणं काढली की बेअरिंगभोवती केसांची घट्ट चकती दिसेल. हे केस घासून तापतात आणि टोपणाचं प्लास्टिक वितळतं. सगळं काढून रोलर दोन बोटांत धरून टिचकी मारा. नीट असेल तर काही फेऱ्या बिनआवाजी फिरतो. खरखरला किंवा लगेच थांबला तर बेअरिंग गेलं. बेअरिंग वेगळं शोधत बसण्यापेक्षा अख्खा रोलर बदला. बेअरिंगमध्ये तेल घालू नका, ते उडून बेल्टवर जातं आणि बेल्ट घसरायला लागतो.

त्याच बैठकीत ब्रशचे केस झिजलेत का ते बघा. प्लेट परत लावून तिच्या दोन कडांवर एक सपाट कार्ड आडवं धरा आणि रोलर हातानं फिरवा. केस कार्डाला घासले पाहिजेत. घासत नसतील तर मोटर कितीही जोरात ओढू दे, कार्पेटच्या मुळातली माती हलणार नाही.

बेल्टचे दोन प्रकार आहेत. सपाट रबरी बेल्ट ताणला जातो. त्याची आतली बाजू काचेसारखी चकाकते, रुंदी कमी होते. तो न तुटताही निकामी असतो. नेहमीच्या वापरात ६ ते १२ महिन्यांनी बदलावा. दात्यांचा बेल्ट ताणत नाही, तो दाते उडाले तरच बदलायचा. नंबर बेल्टवरच छापलेला असतो, पुसला असेल तर मशीनच्या पाठीवरच्या लेबलातला पूर्ण मॉडेल नंबर देऊन घ्या. नुसत्या ब्रँडच्या नावावर घेऊ नका. दिसायला सारखा, पण थोडा लांब बेल्ट कार्पेटवर भार आला की घसरतो.

बसवताना आधी मोटरच्या दांड्यावर वितळलेलं रबर खरवडा आणि दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. बेल्ट दांड्यावर, मग रोलरवर, मग रोलरची टोकं खाचांत. सपाट नवा बेल्ट लहान पडतोय असं वाटेल, जोर लावून ताणावा लागेल, ते बरोबर आहे. काही मॉडेलमध्ये बेल्टला एक पीळ द्यावा लागतो, आत कोरलेला बाण बघा. पीळ चुकला तर रोलर उलटा फिरतो आणि कचरा आत जाण्याऐवजी पुढे फेकतो.

गवतीचहा:
उघडून पाहिलं. मानेतल्या लहान नळीत पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यामागे केसांचा बोळा होता. फिल्टर धुतला तेव्हा काळं पाणी निघालं, आता वाळतोय. रोलरच्या डाव्या टोपणाखाली केसांची चकती आहे, टोपण थोडं वितळलंय पण बेअरिंग नीट फिरतं. बेल्ट सपाट आहे आणि चकाकतोय. कार्पेटची उंची बदलायचं बटण कायम सगळ्यात खालच्या आकड्यावर असतं, ते चूक आहे का?

पान्हा_१२:
चूकच, आणि टोपण वितळण्यात त्याचाही वाटा आहे. सगळ्यात खालचा आकडा टाइल्ससाठी किंवा अगदी पातळ गालिच्यासाठी. जाड कार्पेटवर तो ठेवला की ब्रश लोकरीत रुततो आणि बेल्टवर ताण येतो. सगळ्यात वरून सुरुवात करा आणि ब्रश कार्पेटला लागल्याचा आवाज बदलेपर्यंत एकेक आकडा खाली या. तिथेच थांबा. ढकलायला जड जात असेल तर एक आकडा वर.

टोपण वितळलेलं असेल तर रोलर तिरका बसतो. टोपणासकट नवा रोलर घ्या आणि बेल्ट दोन घ्या.

रीळ:
मल्टीमीटर आहे म्हणालात, म्हणून वायरबद्दल लिहितो. पुढे कधी मशीन हलवलं की चालू-बंद व्हायला लागलं तर मोटर नव्हे, आधी वायर. ती दोन जागी तुटते: प्लगपाशी आणि मशीनच्या अंगात शिरते तिथे. प्लग काढून तारेच्या दोन्ही टोकांत मल्टीमीटरची कंटिन्यूइटी (तार अखंड असेल तर बीप देणारी सेटिंग) लावा आणि वायर हळूहळू वाकवत जा, बीप तुटला की जागा सापडली. प्लगपाशी तुटली असेल तर खराब भाग काही इंच जास्तच धरून कापा आणि नवा प्लग लावा. मधोमध टेप गुंडाळून जोड देऊ नका, ही वायर रोज जमिनीवर ओढली जाते आणि ब्रशखालीही येते. अमेरिकेतल्या दोन पात्यांच्या प्लगला काळी तार अरुंद पात्याला, पांढरी रुंद पात्याला. ब्रिटनमध्ये तपकिरी फ्यूजच्या बाजूच्या एल खुणेला, निळी एन खुणेला. तिथे तिसरी तार नसेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे, लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसेल.

गवतीचहा:
आणखी एक. पुढच्या वर्षी पुण्याला परत जायचं ठरतंय. हा नेण्यात अर्थ आहे का?

रीळ:
नाही. १० अँपिअर गुणिले १२० म्हणजे १२०० वॉट. पुण्यात २३० व्होल्ट, म्हणजे त्यासाठी किमान १५००, खरं तर २००० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो बराच जड असतो आणि व्हॅक्यूमबरोबर खोलीखोलीत फिरवावा लागेल. मोबाइलसाठी मिळणारा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तसा लावला तर मोटर काही क्षणांत जळेल. शिवाय तिथे टाइल्स किंवा लादी, फिरता ब्रश मुख्यतः कार्पेटसाठीच आणि बेल्ट मिळणं कठीण. ब्रिटनहून येणाऱ्यांचं वेगळं, तिथलं मशीन २३० व्होल्टचं. २०१७ च्या सप्टेंबरपासून युरोपीय नियमानं ९०० वॉटची मर्यादा आली. असं मशीन चार अँपिअरच्या आत चालतं, ६ अँपिअरचा सॉकेटही पुरतो.

उंबरठा:
फिल्टर परत लावताना डब्याच्या झाकणाचं रबर ओल्या फडक्यानं पुसा. त्यावर वाळूचा एक कण राहिला तरी तिथून हवा शिरते आणि बारीक शिट्टी ऐकू येते. आणि फिल्टर गालाला लावून बघा. गार लागला तर तो अजून ओला आहे, आणखी एक दिवस थांबा.