मदत हवी आहे: बॅकुलात (नेटवर्कवरून बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) स्टेटस येतो, एस्टिमेट (किती फाइल्स आणि किती डेटा जाईल याचा अंदाज) येतो, पण नव्या क्लायंटचा बॅकअप होत नाही

डायरेक्टर (सगळे जॉब चालवणारा मुख्य प्रोग्राम) आणि स्टोरेज डेमन (बॅकअप साठवणारा, मागे सतत चालणारा प्रोग्राम) एकाच लिनक्स मशीनवर आहेत, दोन्ही व्हर्जन ९.६.७. जुने सहा क्लायंट व्यवस्थित चालतात. नवे दोन क्लायंट वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) आहेत आणि त्यांच्यावर फाइल डेमन (क्लायंटवरच्या फाइल्स पाठवणारा प्रोग्राम) व्हर्जन १३ आहे. जॉब 'क्लायंट स्टोरेजला जोडण्याची वाट पाहत आहे' इथे अडकतो आणि अर्ध्या तासाने फेल होतो. पासवर्ड दोनदा तपासले. व्हर्जनमुळे असेल का?

प्रतिसाद १
व्हर्जन चुकलंच आहे. डायरेक्टर आणि स्टोरेज डेमन एकाच व्हर्जनचे हवेत. फाइल डेमन त्यांच्याइतका किंवा जुना चालतो, नवा नाही. ओएसच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजच्या साठ्यातून) आपोआप नवा येतो, तिथेच घोळ होतो. ९.६.७ चा सोर्स घ्या, कॉन्फिगरला 'एनेबल-क्लायंट-ओन्ली' द्या आणि फक्त क्लायंट बिल्ड करा. आधी पॅकेजमधला फाइल डेमन काढून टाका, नाहीतर फाइल डेमनच्या ९१०२ पोर्टसाठी दोघे भांडतील.

प्रतिसाद २
व्हर्जन बदलायचंच आहे, पण हे लक्षण त्याचं वाटत नाही. स्टेटस आणि एस्टिमेट दोन्ही डायरेक्टर ते क्लायंट, म्हणजे फक्त ९१०२ वर चालतात. स्टोरेजचा त्यात संबंधच येत नाही, म्हणून एस्टिमेट आला यावर विसंबू नका. खऱ्या जॉबमध्ये क्लायंट स्वतःहून स्टोरेजच्या ९१०३ ला जोडतो, आणि पत्ता वापरतो तो डायरेक्टरच्या कॉन्फिगमधल्या स्टोरेज रिसोर्सचा (स्टोरेजची माहिती लिहिलेल्या भागाचा). तिथे लोकलहोस्ट किंवा नुसतं छोटं होस्टनेम असेल तर दुसऱ्या सबनेटमधून ते सापडणार नाही. नव्या क्लायंटवरूनच नेटकॅटने (पोर्टला जोडता येतं का ते पाहणारी कमांड) ९१०३ तपासा, एकदा नावाने, एकदा आयपीने. डायरेक्टरवरून तपासून काही कळणार नाही.

प्रश्नकर्ता
आयपीने जोडतो, नावाने नाही. स्टोरेज रिसोर्सच्या ॲड्रेसमध्ये डोमेनशिवाय नाव होतं.

प्रतिसाद २
मग पूर्ण डोमेननेम लिहा. आधी कॉन्फिग 'बॅकुला-डिर' ला 'वजा टी' देऊन तपासा, मग बीकन्सोलमध्ये (डायरेक्टरला आज्ञा देण्याचा कन्सोल) रीलोड. चालू जॉब असतील तर डेमन रीस्टार्ट करू नका, ते तुटतील. आयपी लिहिला तरी चालेल, पण सर्व्हर हलवताना तोच विसरला जातो.

प्रश्नकर्ता
दोन्ही क्लायंटवर ९.६.७ टाकला, पत्ता बदलला. फुल बॅकअप झाला, एक फोल्डर रिस्टोअर करूनही पाहिला.