पहिलं बाळंतपण माहेरी करायचंय, चोपडा की जळगाव? हॉस्पिटल कसं ठरवायचं?

केळीबाग

नमस्कार सगळ्यांना. मला एकतिसावा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. सासर पुण्याला, माहेर अडावदजवळ. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असं आईचं पक्कं आहे आणि मलाही तेच हवंय, इथे फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच, ह्यांची ड्युटी शिफ्टची, रात्री कळा सुरू झाल्या तर करायचं काय. तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे, म्हणजे आपल्याकडचं ऐन ऊन.

आता प्रश्न असा की नाव कुठे घालायचं. चोपड्याला एक नवरा-बायको डॉक्टरांचं छोटं नर्सिंग होम आहे, माझ्या वहिनीची दोन्ही तिथेच झाली, नॉर्मल, घरापासून वीस-पंचवीस मिनिटं. दुसरं जळगावला मोठं मल्टिस्पेशालिटी, तिथे बाळाचं आयसीयू वगैरे सगळं आहे पण विदगावच्या पुलावरून जायला तास लागतोच आणि पॅकेज ऐकून वडील गप्पच बसले. तिसरं सिव्हिल, त्याचं नाव काढलं की घरात सगळे माझ्याकडे बघतात.

माझा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह आहे, ह्यांचा पॉझिटिव्ह. पुण्याच्या मॅडमनी २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं (निगेटिव्ह ग्रुपच्या आईला देतात ते) इंजेक्शन दिलंय. हिमोग्लोबिन ९.८ आलंय. बीपी शुगर ठीक, बाळाची वाढ ठीक. कोणी काय बघून ठरवलं ते प्लीज सांगा, फक्त 'अमुक हॉस्पिटल छान आहे' एवढं नको, छान म्हणजे नेमकं काय ते सांगा.

लेबररूम_सिस्टर

ताई, मी लेबर रूमलाच काम करते, धुळ्याकडे. तुम्ही जे ग्रुपचं आणि एचबीचं शेवटी लिहिलंय ना, ते खरं तर सगळ्यात आधी यायला हवं, कारण तुमचं हॉस्पिटल त्यावरूनच ठरणार. खोलीला एसी आहे का, रंग कसा दिलाय, व्हॉट्सॅपवर बाळाचा फोटो पाठवतात का, हे सगळं नंतर.

बहुतेक बायका कुठेही चांगल्याच बाळंत होतात. फरक पडतो तो काही बिघडलं तर, आणि बिघडतं ते बऱ्याचदा बाळ बाहेर आल्यावर. बाळ रडलं, घरचे पेढे आणायला गेले, आणि इकडे वार पडल्यावर गर्भपिशवी आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. त्यासाठी बाळ झाल्या झाल्या मांडीत इंजेक्शन देतात, पोटावरून पिशवी चोळतात, बहुतेक वेळा त्यानेच थांबतं. नाही थांबलं तर मग रक्ताची पिशवी लागते आणि ती तेव्हाच लागते, तासाभराने नाही. ९.८ म्हणजे तुमच्याकडे आधीच शिल्लक कमी आहे, गरोदर बाईला ११ च्या खाली असलं की आम्ही ॲनिमिया धरतो. वर ग्रुप निगेटिव्ह. तालुक्याच्या ठिकाणी ओ पॉझिटिव्ह बी पॉझिटिव्ह फिरून मिळतं, बी निगेटिव्हसाठी मात्र फोनाफोनी करावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की तुमच्याकडे रक्त कुठून येतं, रक्तपेढीतून की स्टोरेज सेंटरमधून, बी निगेटिव्ह आधीपासून राखून ठेवता येईल का, आणि रात्री ती पिशवी आणायला जाणार कोण, नातेवाईक की दवाखान्याचा माणूस. जळगावला रेडक्रॉसची रक्तपेढी आहे, सिव्हिलची आहे, पण पेढीत असणं आणि तुमच्या हातात येणं यात मध्ये तो पूल आहे.

दुसरं, रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर भूलवाले डॉक्टर किती वेळात पोचतात हे तोंडावर विचारा. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यात वाईट काही नाही, फक्त ते त्याच गावात राहतात का बघा. इमर्जन्सी ठरल्यापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यावं असं धरतात. बाळाचे डॉक्टरही तसेच, ते स्वतः येतात की 'काही वाटलं तर बोलावतो'? लेबर रूम दाखवा म्हणा. टेबलाशेजारी बाळाला ऊब द्यायचा वॉर्मर असतो, वरून हीटर असलेला, तो तिथेच पाहिजे, दुसऱ्या खोलीत नको, आणि त्याच्यावर बाळाची लहान अँबू बॅग (हाताने दाबून हवा द्यायची पिशवी) आणि मास्क ठेवलेला दिसला पाहिजे. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत हवा द्यायला लागते, तेव्हा कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो. मेमध्ये येताय तर जनरेटर आहे का तेही विचारा, आपल्याकडे ४४-४५ डिग्रीला लाईट कशी जाते तुम्हाला माहीतच आहे.

डॉक्टर तुमच्या प्रश्नांवर चिडले तर तेही कळतंच काय ते. जे चांगले असतात ते स्वतःहून सांगतात की आमच्याकडे एवढं होतं आणि याच्या पुढचं आम्ही पाठवतो.

आणि एचबी वाढवा आता, वेळ आहे. लोहाची गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नको. तीनचार आठवड्यात वाढलं नाही तर सलाईनमधून लोह देतात, ते डॉक्टरांना विचारा.

अमळनेरची_माय

पोरी घाबरू नको, सिस्टरबाईंचं बरोबरच आहे पण ते वाचून मलाच धडकी भरली. माझ्या दोन्ही सुनांची छोट्या दवाखान्यात झाली. मोठ्या हॉस्पिटलात काय होतं सांगू का, दर आठ तासाला डॉक्टर बदलतो, सकाळचा म्हणतो वाट बघू, दुपारचा म्हणतो सिझर करू. छोट्या ठिकाणी एकच बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत असते, तिला तुझं पोट माहीत, तुझी भीती माहीत. धाकटीला कळा मंद होत्या, मॅडमनी तिला रात्रभर चालवलं, कंबर चोळली, घाई केली नाही, सकाळी नॉर्मल झाली. ते पैशाने मिळत नाही.

आणि सिझरचं आधीच विचार. कोणत्या कारणाने करता, आणि नॉर्मलसाठी किती थांबता. आजकाल गळ्याला नाळेचा वेढा आहे म्हटलं की घरचे लगेच सही करतात. बठ्ठं चांगलं व्हई, पण विचारत जा.

लेबररूम_सिस्टर

माय, तुमचं अगदी पटलं, सोबत एक ओळखीचं माणूस असणं हे औषधासारखंच काम करतं. सरकारीतसुद्धा कळांच्या वेळी सोबत एक बाई थांबू द्यायची अशी केंद्राची सूचना २०१६ पासून आहे, कुठे पाळतात कुठे नाही, म्हणून तेही आधी विचारायचं. आणि नाळेचा वेढा बऱ्याच बाळांना असतो, नुसत्या तेवढ्यावर सिझर ठरत नाही, बाळाचे ठोके काय सांगतात ते बघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरात खासगीत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने आणि सरकारीत १४ टक्के असं आलंय. त्यात अवघड केसेस कुठे जातात हाही भाग असतो, तरी फरक मोठाच आहे. पण ताईंना मी छोटं नको म्हणत नाहीये, रक्ताची सोय नसलेलं नको म्हणतेय. ते छोटं असो की मोठं.

शिरपूरवाला

मी बाप म्हणून लिहितो. आमची तारीख दीड महिना लांब होती आणि मिसेसला अचानक पाणी गेलं. जवळचा म्हणून एका नर्सिंग होमला नेलं (नाव लिहीत नाही), तिथे बाळंतपण नीट झालं, बाईला काही त्रास नाही, पण बाळाला श्वास जमेना आणि तिथे अशा बाळांना ठेवायची काचेची पेटी नव्हती. मग बाळ अँब्युलन्समध्ये धुळ्याला, मी बाळाबरोबर, मिसेस इकडे टाके घालून एकटी, तिची आई होती म्हणून बरं. त्यानंतर रोज दूध पोचवायचं काम. ती हाताने दूध काढायची, स्टीलच्या लहान डबीत, डबी बर्फ टाकलेल्या थर्मासमध्ये, आणि मेव्हणा मोटरसायकलवर हायवेने धुळ्याला. डबीवर पट्टी चिकटवून तिने वेळ लिहिलेली असायची, सिस्टर ती वेळ बघून घ्यायच्या. चमच्याचमच्याने पाजायचे. बाळ घरी आलं, आता पळतंय.

मला जे नंतर बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सगळ्यांना कळावं म्हणून सांगतो. बाळ लवकर येणार अशी चिन्हं दिसली तर बाळ पोटात असतानाच मोठ्या ठिकाणी न्यायचं, पोटाइतकी सुरक्षित अँब्युलन्स दुसरी नाही. आणि चौतीस आठवड्याच्या आत असेल तर आईला बाळाच्या फुफ्फुसासाठी इंजेक्शनं देतात, ती जायच्या आधीच सुरू करता येतात. म्हणून हॉस्पिटल ठरवताना एकच ठरवू नका, तारखेच्या आधी कळा आल्या तर कुठे आणि दिवस भरल्यावर आल्या तर कुठे, अशी दोन ठरवा. जिथे आई आणि बाळ एकाच छताखाली राहतील ते बघा, हे मी परत परत सांगेन. आणि बाळाचं आयसीयू पॅकेजमध्ये धरलेलं नसतं, दिवसाचे किती ते वेगळं विचारा.

सिव्हिलला नाक मुरडू नका. आमचं बाळ सरकारी एसएनसीयूमध्येच (आजारी नवजात बाळांचा खास कक्ष) होतं. गर्दी भयंकर, बसायला जागा नाही, पण सिस्टर लोक रात्री तीनला पण जागे. मला शर्ट काढून बाळ छातीला बांधायला त्यांनीच शिकवलं, कांगारू म्हणतात, बाप पण करू शकतो.

सातपुडा_आशा

मी आशाताई आहे, धडगाव भागात. आमच्याकडे पर्याय निवडायचा प्रश्नच वेगळा असतो, पाड्यावरून रस्त्यापर्यंत यायलाच वेळ जातो. म्हणून आम्ही बायांना तारखेच्या आठदहा दिवस आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणून ठेवतो, बाई, तिचं लहान मूल आणि सोबत एक माणूस राहू शकतं. तुम्हाला माहेरघर नको, पण त्यातली युक्ती घ्या. जळगाव ठरवलं तर शेवटचा आठवडा जळगावातल्या नातेवाईकाकडे काढा, मग तो तासाचा रस्ता राहतच नाही.

सरकारीतलं लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा आहे, बाळंतपण, सिझर, औषध, तपासण्या, रक्त सगळं मोफत, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, न्यायची आणि घरी सोडायची गाडी. रेशनकार्ड पिवळं आहे का केशरी हे बघत नाहीत, सगळ्यांना आहे. गाडीला १०२ किंवा १०८. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, डॉक्टर बघतात. खासगीत नाव घातलं तरी एकदा ९ तारखेला तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन या, ओळख होते, आणि पात्र असाल तर पहिल्या बाळाचे मातृवंदना योजनेचे ५००० पण आहेत, अंगणवाडीत किंवा आशाकडे फॉर्म भरा.

अजून एक, सिकल सेलची (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीय का तुमची? आपल्या पट्ट्यात ती करून घ्यायचीच. एचबी कमी आहे म्हणून तर जास्तच.

केळीबाग

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. आईला मोठ्याने वाचून दाखवलं फोनवर. मग मी दोन्हीकडे फोन केले.

चोपड्याच्या मॅडमनी अजिबात चिडचिड केली नाही. म्हणाल्या भूलवाले डॉक्टर गावातच आहेत, वीस मिनिटात येतात, बाळाचे डॉक्टर प्रत्येक डिलिव्हरीला हजर असतात, पण बी निगेटिव्ह मी ठेवू शकत नाही, ते जळगावहूनच आणावं लागतं. आणि स्वतःच म्हणाल्या की तुझं एचबी ११ झालं आणि बाळाचं डोकं खाली असलं तर मी आनंदाने करीन, नाहीतर मी तुला जळगावला जा म्हणेन. जळगावच्या हॉस्पिटलला फोन केला तर रिसेप्शनवाल्या मुलीने तीनदा पॅकेज सांगितलं, रक्ताचं विचारलं तर 'ते होऊन जाईल मॅडम'. दुसऱ्या दिवशी सिनियर सिस्टरशी बोलणं झालं तेव्हा कळलं की रक्तपेढीशी टायअप आहे आणि आधी दाता दिला तर पिशवी राखून ठेवतात, बाळाचं आयसीयू त्याच मजल्यावर आहे.

सिकल सेलची झाली नव्हती, काल रक्त दिलं.

तर सध्या असं ठरवलंय की चौतिसाव्या आठवड्याच्या आत रेल्वेने यायचं, दोन्हीकडे दाखवायचं, ३६ व्या आठवड्याला एचबी परत बघून फायनल करायचं. एचबी वाढलं नाही तर जळगाव, आणि जळगावातच पिंप्राळ्याला आत्याकडे शेवटचे दिवस राहायचं. आधीच काही झालं तर सिव्हिल, तिथेही ९ तारखेला जाऊन केसपेपर काढून ठेवणार. वडिलांनी मान्य केलं. आई अजून म्हणतेय घरापासून लांब नको, पण ऐकेल.

लेबररूम_सिस्टर

बरोबर ठरवलंत. ३६ व्या आठवड्याला काय निघालं ते आम्हालाही कळवा. फाईल कायम जवळ ठेवा, पहिल्या पानावर लाल पेनाने ग्रुप आणि अँटी-डी दिल्याची तारीख लिहा, म्हणजे रात्री कोणीही ड्युटीवर असलं तरी दिसेल. बाळाचा ग्रुप पॉझिटिव्ह आला तर ७२ तासाच्या आत तुम्हाला परत अँटी-डी लागणार, ते इंजेक्शन त्यांच्याकडे असतं का आत्ताच विचारा, सुट्टीच्या दिवशी मेडिकलवर मिळेल या भरवशावर राहू नका. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी आली, यातलं काहीही झालं तर कळांची वाट बघायची नाही, सरळ निघायचं. आणि घरात, भाऊबंदात बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह कोण कोण आहे त्यांचे नंबर एका कागदावर काढा. मेमध्ये लग्नसराई असते, माणसं गावाला जातात, म्हणून दोन तरी पाहिजेत.

धरणगाव_रायडर

मी बी निगेटिव्ह आहे. धरणगावला असतो, जळगावला यायला अर्धा-पाऊण तास. मागच्या वेळी डिसेंबरात रक्त दिलंय, मेपर्यंत तीन महिने केव्हाच होऊन जातात. ताई, मला मेसेजमध्ये तारीख पाठवून ठेवा, मी त्या पंधरवड्यात बाहेर जात नाही.