टाक्या निघाल्या, पण पेट्रोल निघालं का? सांगलीच्या पेठेतली गळती

आडकरी:
आमच्या पेठेतला जुना पेट्रोलपंप बंद होऊन दीड वर्ष झालं. टाक्या क्रेननं उचलून नेल्या, खड्ड्यात मुरूम लोटला, वर रोलर फिरवला. जागा विकली गेली. आता तिथं बोर्ड लागलाय: तळघरात पार्किंग, वर पाच मजले. आमचा वाडा तिथनं पन्नास पावलांवर.

परसात आड आहे. प्यायला नळाचं पाणी, पण धुणंभांडी आणि झाडं सगळी आडावर. पंप चालू होता तेव्हाच एका आषाढात आई म्हणाली, पाण्याला रॉकेलचा वास मारतोय. पोहरा वर काढून उन्हात ठेवला, तर पाण्यावर मोरपंखी तवंग फिरत होता. बोट बुडवून बाहेर काढलं की लगेच गार पडायचं, आणि साबणानं तीनदा धुतलं तरी वास जात नव्हता. रॉकेल कसलं, पेट्रोलच होतं ते. पंपावर सांगायला गेलो तर डिपचं, म्हणजे टाकीत काठी बुडवून रोज साठा मोजतात त्याचं, रजिस्टर पुढं केलं. घट नेहमीचीच आहे, उन्हानं उडून जातं, म्हणाले. रोज दोन लिटर घट धरली तरी वर्षाला ७३० लिटर होतात. ते हवेत गेलं की जमिनीत, हे डिपच्या काठीला कळत नाही.

त्या दिवसापासून आडावर फळ्या आहेत आणि फळ्यांवर ओलं पोतं. आई रोज सकाळी पोतं भिजवते.

माझं म्हणणं एवढंच: टाकी काढली म्हणजे सफाई झाली असं होत नाही. पेट्रोल पाण्याहून हलकं. मातीतनं झिरपत जातं आणि भूजल लागलं की त्याच्यावर तरंगत राहतं. कृष्णा चढली की नदीकाठच्या गावठाणात भूजलही चढतं आणि पेट्रोलला डोक्यावर घेऊन वर येतं. पाणी उतरताना ते मातीच्या कणाकणाला माखत खाली जातं. म्हणून वास उन्हाळ्यात कमी आणि पावसाळ्यात जास्त. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तसा पूर परत आला तर हे कुठवर पसरेल?

आता तळघराचा खड्डा मारणार. खड्ड्याला पाणी लागणार, ते रात्रंदिवस मोटर लावून गटारात सोडणार, आणि आजूबाजूचं तरंगतं पेट्रोल खड्ड्याकडं ओढलं जाणार. तेच गटार आपल्या सगळ्यांच्या दारावरनं जातं. म्हणून खड्ड्याच्या आधी जमिनीतलं पेट्रोल उपसा, आणि आसपासच्या घरांत वाफ मोजा. कुणाचं काय मत आहे, स्पष्ट सांगा.

पेठेतला दुकानदार:
आडकरी भाऊ, आईंचा त्रास समजतो. पण असं जाहीर लिहिण्याआधी पेठेचा विचार करायला हवा होता. २००५, २०१९, २०२१, तीन पूर आम्ही दुकानात सोसले. फर्निचर तीनदा नवीन केलं, अजून हप्ते चालू आहेत. आता पेठेखाली पेट्रोल आहे असं पसरलं की भाडेकरू जाणार, बँक तारण घेताना मागं सरणार. सफाई म्हणून रस्ता खणला तर ऐन दिवाळीत शटर खाली. पंप परवान्यानं चालला, टाक्या परवानगीनं निघाल्या. जे झालं ते झालं. आडाचं पाणी कुणी पीत नाही, मग एवढं रान कशाला उठवायचं? चार जण मिळून आयुक्तांना भेटू आणि शांतपणे मिटवू.

आडकरी:
दादा, पुरात नळ बंद पडतो तेव्हा पेठ काय वापरते? आड आणि बोअरच ना? आणि पिण्याचं सोडाच, मला धास्ती वाफेची आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, तळघरात आणि गटाराच्या चेंबरमध्ये बसून राहते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली की बटणाची ठिणगी पुरते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात पाण्याचा नवा पाइप पेट्रोलच्या पाइपला लागून गेला, गंजून भोक पडलं आणि पेट्रोल गटारात उतरलं. लोक तीन-चार दिवस वासाची तक्रार करत होते. २२ एप्रिल १९९२ ला गटारं फुटली, किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते उलथले, सरकारी आकड्यानंच दोनशेच्या वर माणसं गेली. आपल्याकडं तेवढं पेट्रोल नाही, हे मलाही कळतं. पण शांतपणे मिटवू हे शब्द मला सहन होत नाहीत.

केसिंगवाला:
मी पंचवीस वर्सं बोअर मारतोय. उपसून काढा म्हणणं सोपं हाय ओ. पेठेत वरची दहा-पंधरा फूट काळी माती. तिच्यातनं ना हवा चालत, ना तेल सुटत. उन्हाळ्यात भेगा पडतात तवा त्या भेगांतनं खाली गेलंय ते, आणि पावसात माती फुगली की भेगा मिटल्या, तेल आत कोंडलं. नळी लावून वर्सभर ओढत बसला तरी मातीतलं मातीतच राहणार. पोकलेन लावा, टाकीखालची माती काढून न्या, मोकळं व्हा. दुखणारा दात कोण चोळत बसतं का?

आडकरी:
काढून न्या, पण कुठं? भरलेला डंपर गावातनं वास सोडत जाणार आणि माती कुणाच्या तरी शेताच्या बांधाला पडणार. आणि आमच्या वाड्याचा पाया दगड-चुन्याचा आहे. शेजारी वीस फूट खोल गेलं तर भिंत बसेल. त्या भिंतीला टेकून आई झोपते.

रसायनाचे सर:
दोघेही घाई करताय असं मला वाटतं. मातीतले जिवाणू पेट्रोल खातात, हे पुस्तकी वाक्य नाही, अनेक जागांवर मोजलेलं आहे. कॅलिफोर्नियात शेकडो गळक्या टाक्यांच्या जागा तपासून १९९५ मध्ये अहवाल आला. बेंझीन म्हणजे पेट्रोलमधलं कॅन्सर करणारं रसायन. बहुतेक ठिकाणी भूजलात पसरलेली त्याची जीभ, म्हणजे लांबट पट्टा, अडीचशे फुटांच्या आत थांबलेली होती. मूळ गळती बंद झाली की ती हळूहळू आखडते. अमेरिकेत पाच लाखांहून जास्त टाक्यांची गळती नोंदली गेली, आणि त्यातल्या बऱ्याच जागांची प्रकरणं नुसतं लक्ष ठेवून बंद केली. मग कोटी-कोटी खर्चून पेठ का उखडायची? निरीक्षण बोअर मारा, दर तीन महिन्यांनी नमुना घ्या आणि निसर्गाला वेळ द्या.

आडकरी:
सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारतो. पंपापासून अडीचशे फूट म्हणजे आपल्या पेठेत किती वाडे, किती आड? मी कालच दोरी घेऊन मोजलं. अकरा आड आणि सहा तळघरं. तिकडं पंपाभोवती डांबरी मैदान असेल, इथं भिंतीला भिंत आहे. दुसरं, जिवाणूंना प्राणवायू लागतो, तो काळ्या मातीत किती? आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत. जिवाणू आधी ते खातात, प्राणवायू तिथंच संपतो आणि बेंझीन मागं राहतं. पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्यापर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम. हिशेब करा सर, तसल्या एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन आठ लाखांवर लिटर पाण्याला मर्यादेवर नेऊन ठेवतं.

रसायनाचे सर:
इथेनॉलचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. अकरा आडांचं वाचून वाफ मोजायलाही माझी हरकत नाही. पण सरसकट उपशाला विरोध कायम. आधी किती आहे ते कळू दे.

माहेर सांगली:
मी पुण्यात अशा दूषित जमिनी साफ करायच्याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. केसिंगवाले काका मातीबद्दल खरं बोलतायत. काळ्या मातीतनं वाफ ओढायची पद्धत चालत नाही. पण काका, काळ्या मातीखाली तुम्हाला पिवळी माती आणि वाळूचा पट्टा लागतच असेल ना? पेट्रोल आडांपर्यंत पोहोचलंय म्हणजे ते त्या पट्ट्यातनंच गेलंय. तिथं बोअर घेऊन वरचा तवंग आणि वाफ दोन्ही ओढता येतात. मोटर मात्र ठिणगी न पडणारीच हवी, साधी सबमर्सिबल कुणी सोडू नका.

आडकरी दादा, एका बाबतीत मी तुमच्या विरोधात आहे. खड्डा थांबवू नका. पंपाच्या जागेतली सगळ्यात घाण माती नेमकी त्या तळघराच्या जागेतच आहे, आणि बिल्डर ती स्वतःच्या खर्चानं काढणार आहे. आपण अटी घालू. वाड्याच्या बाजूनं आधी आधारभिंत, काढलेली माती झाकून अधिकृत घातक कचऱ्याच्या जागी, आणि खड्ड्यातलं पाणी तेल वेगळं करून, कोळशाच्या गाळणीतनं गेल्याशिवाय गटारात नाही. अशी संधी परत येणार नाही. एकदा इमारत उभी राहिली की तिच्याखालचं पेट्रोल पन्नास वर्षं कुणी काढणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर प्रदूषण करणाऱ्यानंच भरायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलंय आणि २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यात ते लिहिलेलंच आहे. २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळी नियमावलीही आली. चेन्नईत तोंडियारपेटला २०१३ मध्ये लोकांच्या बोअरला तेल लागलं, तेही जमिनीखालच्या गळतीतनंच. तिथं लोक बोलले म्हणून प्रकरण पुढं गेलं.

आडकरी:
ताई, आधारभिंतीचं पटतं. पण अटी कागदावर राहतात आणि मोटर रात्री दोनला चालू होते, हे मी इथंच बघितलंय. माझा क्रम तोच: आधी तीन बोअर आणि घराघरांत मोजणी, मग बांधकामाची परवानगी. मोजणी न करता मारलेला खड्डा मला मान्य नाही.

केसिंगवाला:
वाळू लागते, व्हय. अठरा ते बावीस फुटांवर. बोअरचं काम असंल तर मजुरी घेत न्हाई, डिझेल तेवढं द्या. पण काळी माती पोकलेननंच निघंल, हे लिहून ठिवा.

पेठेतला दुकानदार:
दोन दिवस विचार केला. रस्ता खणायला माझा विरोध आहे आणि राहील. पण एक सांगतो. दुकानाच्या तळघरात श्रावणापासून वास येतोय. आम्ही जनरेटरच्या डिझेलचा समजत होतो. जनरेटर बाहेर काढून महिना झाला, वास आहे तसा आहे. पोरं तिथं बसून जेवतात. आजपासून त्यांना वर बसवलंय आणि खालची लाइट मेनमधनं काढलीय. मोजायचं यंत्र घेऊन कुणी येणार असेल तर सकाळी नऊच्या आत या, गिऱ्हाईक यायच्या आधी.

आडकरी:
येतो दादा. अग्निशमनकडं मीटर आहे, त्यांनाच घेऊन येतो. तळघराचा दरवाजा रात्रभर उघडा ठेवा आणि खाली मोबाईलसुद्धा नेऊ नका.