मदत हवी आहे : उलव्यात खाडीसमोरचा फ्लॅट घ्यावा की स्टेशनजवळचा?

दोनखोल्या

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या उलव्यात टू बीएचके घ्यायचा विचार आहे. राहायला जाणार नाही. भाड्याने द्यायचा आणि सात-आठ वर्षांनी विकायचा, असा बेत. दोन फ्लॅट डोक्यात आहेत.

अ) खाडीच्या बाजूच्या सेक्टरमध्ये, काम चालू असलेली इमारत, अकरावा मजला. बाल्कनीतून खाडी आणि लांबवर अटल सेतू. ९२ लाख, वर जीएसटी. बामणडोंगरी स्टेशन ‘पाच मिनिटांवर’. मेंटेनन्स ४,८०० सांगितलाय, भाडं १९,००० येईल असं एजंट म्हणतो. ताबा दीड वर्षाने.

ब) खारकोपर स्टेशनपासून ४५० मीटर, सहा वर्षं जुनी सोसायटी, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे. चौथा मजला, समोर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या. ८४ लाख. मेंटेनन्स २,८००. आत्ताचा भाडेकरू २०,००० देतो.

घरात सगळ्यांचं मत ‘अ’ला. खाडीच्या नजाऱ्याला विकताना खरंच जास्त पैसे मिळतात का? लोकलचा फरक भाड्यात किती पडतो? आणि टोकन देण्याआधी काय काय तपासू?

लोकल ९:१२

आधी ते ‘पाच मिनिटं’ सोडवून घ्या. ब्रोशरमधली पाच मिनिटं गाडीने मोजलेली असतात, तीही रविवारी सकाळी. इमारतीच्या गेटपासून तिकीट खिडकीपर्यंत कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास चालत जा, रात्री साडेनऊला परत या. नकाशावर सरळ रेघ मारू नका. रूळ, नाला आणि मोठा रस्ता ओलांडायला वळसा पडतो आणि ८०० मीटरचे दीड किलोमीटर होतात. चालत बारा मिनिटांपर्यंत असेल तर भाडेकरू त्याला ‘स्टेशनजवळ’ म्हणतो. त्यापुढे शेअर रिक्षा आली, म्हणजे दोन्ही वेळचे पैसे आणि पावसात रांग.

दुसरं, ही हार्बरची मुख्य लाईन नाही. नेरूळ/बेलापूर–उरण मार्गावर सीएसएमटीची थेट गाडी नाही, गाडी बदलावीच लागते. फेऱ्याही मोजक्या. एक चुकली की पुढची लगेच नाही. म्हणून अंतराइतकंच वेळापत्रकही पाहा : सकाळी ७ ते १० मध्ये तुमच्या स्टेशनावरून नेरूळकडे किती गाड्या, बेलापूरकडे किती, आणि पुढची हार्बर लोकल पकडायला मध्ये किती मिनिटं उरतात. नेरूळला प्लॅटफॉर्म बदलण्याचा वेळ त्यातच धरा.

तिसरं, ‘येणाऱ्या’ सोयीचे पैसे आज देऊ नका. ही लाईन नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत सुरू झाली, पुढे उरणपर्यंत जायला जानेवारी २०२४ उजाडला. त्याच लाईनवरच्या तरघरला गाडी थांबायला त्याहून जास्त वर्षं गेली. बेलापूर–पेंधर मेट्रोचं भूमिपूजन २०११ मध्ये झालं, प्रवासी बसले नोव्हेंबर २०२३ मध्ये. तेवढा काळ ज्यांनी ‘मेट्रो स्टेशनसमोर’चा भाव देऊन घर घेतलं, त्यांचं व्याज कोणी भरलं?

अटल सेतूबद्दलही तेच. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. कारला एकेरी २५० रुपये, परतीसह ३७५, महिन्याचा पास १२,५००. वीस हजार भाडं भरणारा बारा हजारांचा पास काढत नाही. त्याच्यासाठी सेतू म्हणजे बाल्कनीतून दिसणारे दिवे. बस आहेत, पण मोजक्या. भाडं ठरतं ते लोकलवर.

खारफुटी

‘खाडीसमोर’ या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपतात. तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये काय आहे, ते पाहा.

मध्ये दाट कांदळवन असेल तर नजारा टिकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार कांदळवन आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. मध्ये सिडकोचा (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) मोकळा प्लॉट असेल तर तो मोकळा आहे एवढंच, उद्या तिथे वीस मजले उभे राहतील. सिडकोच्या विकास आराखड्यात त्या प्लॉटचा वापर आणि सेक्टर क्रमांक बघा. एजंटच्या ‘इथे गार्डन होणार आहे’वर जाऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे रस्ता, आणि उलव्यात नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. आम्र मार्गापासून अटल सेतूच्या जोडापर्यंत सहा पदरी उलवे किनारी मार्ग आखलेला आहे, त्यातून विमानतळाकडे फाटा. त्याची आखणी तुमच्या इमारतीसमोरून जाते का, आणि जिथे जाते तिथे रस्ता जमिनीवर आहे की खांबांवर, हे सिडकोच्या नकाशावर बघा. अकराव्या मजल्यावरून पाणी दिसेल, पण खालून चोवीस तास ट्रक आणि टॅक्सी जातील. रस्ता खांबांवर असेल तर तिसऱ्या-चौथ्या मजल्याला पाण्याऐवजी कठडाच दिसेल.

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचं, थोडक्यात. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी तेवढा पट्टा. २०११ च्या अधिसूचनेत तो १०० मीटर होता. जुनी परवानगी असलेल्या प्रकल्पात कुठल्या नकाशावरून मंजुरी घेतली ते विचारा. बिल्डरकडे मागायचा कागद म्हणजे प्लॉटची हद्द टाकलेला १:४००० चा सीआरझेड नकाशा, अधिकृत संस्थेने काढलेला. प्लॉटचा कोपरा जरी पट्ट्यात गेला तरी किनारा क्षेत्र प्राधिकरणाची शिफारस लागते, आणि ती नसेल तर ओसी अडकते.

एक साधी चाचणीही आहे. भरतीचं वेळापत्रक घ्या, पावसाळ्यात ४.५ मीटरच्या वरची भरती ज्या दिवशी असेल त्या दिवशी त्या वेळेला सेक्टरमध्ये जा. नवी मुंबईचा बराच भाग भराव घातलेला आणि भरतीच्या पातळीच्या आसपासचा. पावसाचं पाणी धारण तलावात साठवून ओहोटीला फ्लॅप गेटमधून खाडीत सोडायचं, अशी रचना. तलाव गाळाने भरला किंवा गेट नीट बंद झालं नाही, की भरतीत पाऊस कोसळताच पाणी रस्त्यावर. तळघरात पार्किंग असलेली इमारत इथे टाळा. स्टिल्ट (खांबांवर उचललेल्या इमारतीखालचं पार्किंग) किंवा पोडियम (जमिनीच्या वरच्या मजल्यांवरचं) बरं. ओहोटीला एकदा वासही घेऊन या.

कव्हरब्लॉक

बांधकामाबद्दल. खाऱ्या हवेत काँक्रीट बिघडत नाही, आतली सळई बिघडते. क्लोराइड आत झिरपतं, सळई गंजून फुगते आणि कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी वातावरणाला ‘सिव्हिअर’ (तीव्र) वर्ग, म्हणजे किमान एम ३० काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर. थेट खाऱ्या पाण्याचे तुषार बसत असतील तर ‘व्हेरी सिव्हिअर’, एम ३५ आणि ५० मिमी. ‘अ’च्या साइटवर स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली टीप वाचायला मागा, हा एक्स्पोजर (वातावरणाचा) वर्ग तिथे लिहिलेला असतो. मग सळया बांधून ठेवलेल्या कॉलमजवळ उभे राहा : कव्हर राखायला सळईखाली कव्हरब्लॉक (ठरावीक जाडीचे ठोकळे) लावलेत की विटेचे तुकडे? सळई उघड्यावर पडून सोलवटलीय का? काँक्रीटला आणि क्युरिंगला (ते भिजवत ठेवायला) पाणी टँकरचं की बोअरचं? खाडीकाठचं बोअर खारट असायची शक्यता जास्त, आणि ते वापरलं असेल तर गंजाची तजवीज पहिल्याच दिवशी झाली.

‘ब’ जुनी आहे म्हणून नाक मुरडू नका, सहा वर्षांत इमारत काय ते बोलून दाखवते. पाहायच्या जागा : स्टिल्टमधल्या कॉलमचा तळ, गच्चीवरच्या टाकीचा खालचा स्लॅब, छज्ज्यांची खालची कड, टॉयलेटची डक्ट. तपकिरी ओघळ किंवा सळईच्या रेषेत सरळ गेलेली चीर दिसली तर आत गंज आहे. बोटाच्या पेराने टिचकी मारा, पोकळ वाजलं तर प्लास्टर सुटलंय. नुसती जाळीदार बारीक भेग असेल तर ती बहुधा प्लास्टरची, घाबरू नका.

खाडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटला वरखर्च जास्त. एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल, खिडक्यांचे रोलर, ग्रिल लवकर जातं. रेलिंग स्टीलचं असेल तर ३०४ ऐवजी ३१६ आहे का विचारा, ३०४ वर चहाच्या डागासारखे ठिपके येतात. बाहेरचा रंग सोसायटीला लवकर काढावा लागतो, तो मेंटेनन्समध्ये धरलाय का?

हिशेबनीस

तुमच्याच आकड्यांवर मांडतो. वर्षात एक महिना रिकामा, सिडकोचं सेवा शुल्क आणि किरकोळ खर्च दोन्हीकडे ८,०००.

अ : १९,००० × ११ = २,०९,०००. मेंटेनन्स ५७,६०० आणि ८,००० वजा. हातात १,४३,४००. किंमत ९२ लाख अधिक ५ टक्के जीएसटी ४.६ लाख, म्हणजे ९६.६ लाख. परतावा साधारण १.४८ टक्के. तोही दीड वर्षानंतर सुरू.

ब : २०,००० × ११ = २,२०,०००. ३३,६०० आणि ८,००० वजा. हातात १,७८,४००. ८४ लाखांवर २.१२ टक्के, पहिल्या महिन्यापासून.

मुद्रांक शुल्क दोन्हीकडे एकाच दराने, म्हणून सोडून दिलं. दोन्ही परतावे मुदत ठेवीपेक्षा कमी आहेत हे उघड. सगळी भिस्त विकतानाच्या भावावर. ‘अ’मध्ये आज १२.६ लाख जास्त जातात. भाडेकरू खाडीचे पैसे देत नाही, खाडीचे पैसे देतो तो स्वतः राहायला येणारा खरेदीदार. म्हणजे ते १२.६ लाख एकदाच वसूल होणार, तेही समोर तोपर्यंत काही उभं राहिलं नाही तर. त्यात ४.६ लाखांचा जीएसटी पुढच्या खरेदीदाराकडून कधीच मिळत नाही, कारण त्याच्यासाठी तो रीसेल फ्लॅट, जीएसटी शून्य. ‘अ’च हवा असेल तर ओसी मिळाल्यावर त्याच इमारतीत घ्या, जीएसटी वाचेल.

विकताना : २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. आणि दोन्ही फ्लॅट ५० लाखांच्या वरचे, तेव्हा घेताना १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा.

ओसी दाखवा

कागद. उलवे रायगड जिल्ह्यात, नियोजन प्राधिकरण सिडको. जमीन भाडेपट्ट्याची. बरेचसे प्लॉट साडेबारा टक्के योजनेतले (जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना परत दिलेले), म्हणून साखळी अशी तपासा : मूळ शेतकऱ्याच्या नावाचं वाटपपत्र, सिडकोबरोबरचा भाडेपट्टा करारनामा, बिल्डरला हस्तांतरण झाल्याचा त्रिपक्षीय करार, मग सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी). घोळ होतो तो वारसांचा. वारस दाखल्यात एखाद्या बहिणीचं नाव राहिलं की दहा वर्षांनी दावा उभा. वकिलाला ३० वर्षांचा शोध घ्यायला सांगा आणि प्लॉटवर दावा प्रलंबित आहे का ते वेगळं विचारा.

‘अ’साठी आणखी दोन. विमानतळ शेजारी, म्हणून विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीच्या एनओसीतला (ना हरकत पत्रातला) आकडा पाहा. तो समुद्रसपाटीपासून असतो, त्यात लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकीही धरतात. मंजूर आराखड्यातल्या सर्वांत वरच्या बिंदूशी जुळवा. शिवाय महारेराच्या (गृहप्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) पानावर प्रकल्प पूर्ण होण्याची घोषित तारीख बघा. एजंटची दीड वर्षं आणि ती तारीख यात फरक असेल तर घोषित तारीख खरी, उशीर झाला तर व्याज मागता येतं ते करारातल्या तारखेवरून. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही, बिल्डरला ती घेताच येत नाही.

‘ब’साठी : सोसायटीची एनओसी, थकबाकी नसल्याचं पत्र, सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार हे टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या. भाडं २०,००० आहे हे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्समध्ये (भाडेकरारात) पाहा, तोंडी नको.

दोनखोल्या

सगळ्यांचे आभार. आज चालून पाहिलं. ‘अ’च्या गेटपासून बामणडोंगरी २३ मिनिटं, मध्ये मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल नाही. एजंटचं म्हणणं, जेट्टी आणि वॉटर टॅक्सी आली की स्टेशनची गरजच राहणार नाही. यात तथ्य?

लोकल ९:१२

बेलापूर जेट्टीवरून वॉटर टॅक्सी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तेव्हा भाऊच्या धक्क्यापर्यंत कॅटामरानचं (मोठ्या जोडबोटीचं) तिकीट २९० होतं, स्पीडबोटीचं त्याच्या कितीतरी पट. प्रवासी मिळेनात म्हणून फेऱ्या नियमित राहिल्या नाहीत. शिवाय धक्क्यावर उतरल्यावर पुढे टॅक्सी लागतेच. खाडीत ओहोटीला पाणी उथळ होतं, गाळ उपसत राहावं लागतं, पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. जेट्टीला भाड्याच्या हिशेबात शून्य धरा.

हिशेबनीस

२३ मिनिटं असतील तर १९,००० भाडंही तपासा. त्याच सेक्टरमधल्या तीन ताबा दिलेल्या इमारतींच्या वॉचमनना विचारा : किती फ्लॅट रिकामे, शेवटचा कितीला गेला. एजंटपेक्षा नेमकं उत्तर तिथे मिळतं. संध्याकाळी सातनंतर खाली उभं राहून दिवे मोजले तरी चालेल.

दोनखोल्या

उद्या संध्याकाळी जातो. ‘ब’च्या मालकाकडे लिव्ह अँड लायसन्सची प्रत मागितली आहे, आणि स्टिल्टमधले कॉलमही बघून येतो.

कव्हरब्लॉक

टॉर्च न्या. टाकीखालचा स्लॅब दिवसाही अंधारात असतो.