मदत हवी आहे: बजेट सॉफ्टवेअरमध्ये घरखर्च जवळपास दुप्पट दिसतोय, हिशोब कुठे चुकतोय?

ताळमेळ_हवाय

घरात कमावणारे दोघं. दोघांचं पगाराचं एकेक खातं, घरखर्चाचं एक संयुक्त खातं, एक क्रेडिट कार्ड, गृहकर्ज आणि रोख. ग्नूकॅश ५ हे हिशोबाचं सॉफ्टवेअर टाकलंय. तिन्ही बँक खाती आणि कार्ड यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) विवरणं आयात केली आहेत. कर्जाचं आणि रोखीचं खातं अजून उघडलेलं नाही.

एका महिन्याचे आकडे देतो. पगार ५०,००० आणि ४०,०००. त्यातले ३०,००० संयुक्त खात्यात वळते केले. कार्डाचं मागचं बिल १५,००० भरलं, या महिन्यात कार्डावर १६,००० ची नवी खरेदी झाली. कर्जाचा हप्ता २०,०००. एटीएममधून ८,००० काढले. बाकी खर्च थेट खात्यांतून २२,०००.

अहवालात उत्पन्न १,३५,००० आणि खर्च १,११,००० दिसतो. तिन्ही बँक खात्यांची शिल्लक मिळून २५,००० ने वाढली आहे आणि ती बँकेशी जुळते. मग बेरजा एवढ्या फुगल्या कशा?

आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वर्षातून एकदा येणारे खर्च बजेटात कसे बसवायचे? दोघांना एकाच फाइलवर काम करता येईल का? की हे सगळं सोडून पाकीट पद्धतीचं (हातातले पैसे आधीच खर्चांच्या पाकिटांत वाटून ठेवणारं) सॉफ्टवेअर घ्यावं?

रोजमेळ

आकडे दिलेत हे फार बरं केलंत, बहुतेक जण नुसतं "जुळत नाही" एवढंच लिहितात.

तुमच्या बेरजा नेमक्या कुठून फुगल्या ते बघा. उत्पन्नाचे १,३५,००० म्हणजे पगार ९०,००० + संयुक्त खात्यात आलेले ३०,००० + कार्डाच्या खात्यात 'जमा' झालेले १५,०००. शेवटचे दोन्ही आकडे उत्पन्न नाहीत, तुमचेच पैसे एका खिशातून दुसऱ्यात गेलेत. खर्चाचे १,११,००० म्हणजे हप्ता २०,००० + कार्डाची खरेदी १६,००० + एटीएम ८,००० + थेट खर्च २२,००० + कार्डाचं बिल १५,००० + वळते केलेले ३०,०००. दोन्ही बाजूंना तेच ४५,००० चढलेत, म्हणून वजाबाकी २४,००० येते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

खरं चित्र असं. उत्पन्न ९०,०००. खर्च: कार्डाची खरेदी १६,०००, थेट २२,०००, रोख ८,००० (सगळी खर्च झाली असं धरून) आणि हप्त्यातलं फक्त व्याज. व्याज १४,००० धरलं तर एकूण ६०,०००. उरले ३०,०००. हे ३०,००० कुठे आहेत? बँकेत २५,००० वाढले, कर्जाची मुद्दल ६,००० ने घटली, कार्डाची उधारी १,००० ने वाढली. २५ + ६ − १ = ३०. हा ताळा दर महिन्याला घाला. तो बसला की अहवालावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

कार्डाच्या बाबतीत नियम एकच: खर्च खरेदीच्या दिवशी पडतो, बिल भरणं हे निव्वळ हस्तांतर.

खतावणी

दुरुस्ती कशी करायची ते सांगतो. आयात करताना तुम्ही बहुधा 'खर्च: ट्रान्सफर' आणि 'उत्पन्न: ट्रान्सफर' अशी दोन खाती बनवली असणार (ग्नूकॅशमध्ये खर्च-उत्पन्नाचे प्रकारही खातीच असतात). ती खाती उघडा. पगाराच्या खात्यातून गेलेल्या नोंदीत 'ट्रान्सफर' रकान्यात 'खर्च: ट्रान्सफर'च्या जागी संयुक्त खातं निवडा. हे केल्याक्षणी संयुक्त खात्यात तीच रक्कम दोनदा दिसेल: एक तुम्ही आत्ता जोडलेली, एक त्या खात्याच्या विवरणातून आलेली. दुसरी पुसायची. ती राहून गेली तर आजवर जुळणारी बँक शिल्लकही बिघडते, आणि माणूस वैतागून सगळं पूर्ववत करतो. कार्डाच्या बिलाचंही तसंच.

सगळं झालं की दोन्ही 'ट्रान्सफर' खात्यांची शिल्लक शून्य दिसली पाहिजे. शून्य झाली की खाती काढून टाका, नाहीतर पुढच्या आयातीत सॉफ्टवेअर सवयीने तीच सुचवत राहील. ग्नूकॅश जुन्या नोंदींवरून अंदाज बांधतं, त्यामुळे पहिल्या एकदोन आयातींत चुकीचं शिकवलं तर तेच गिरवतं.

पुढच्या वेळी आधी पगाराचं खातं आयात करा आणि वळते केलेल्या रकमेसमोर संयुक्त खातं द्या. मग संयुक्त खात्याचं विवरण आयात करताना जुळवणीच्या पडद्यावर त्या ओळीसमोर 'ए' म्हणजे नवीन नोंद, याऐवजी 'सी' निवडा. त्याने आहे त्याच नोंदीवर खूण होते, दुसरी बनत नाही.

तिसरा_रकाना

@खतावणी, दोन बँकांमध्ये तारखा एकदोन दिवसांनी सरकल्या की आपोआप होणारी जुळणी हुकू शकते. त्यापेक्षा 'मालमत्ता'खाली 'वाटेवरचे पैसे' नावाचं एक खातं काढावं. जाणारी रक्कम त्यात, येणारी त्यातून. शिल्लक शून्य नसेल तर एक बाजू राहिलीय हे लगेच कळतं, आणि काही पुसावंही लागत नाही.

खतावणी

चालेल. नोंदी दुप्पट होतात एवढंच. महिन्याला चारपाच हस्तांतरं असतील तर मला थेट जोडणं सोपं वाटतं, वीसेक असतील तर तुमचा मार्ग बरा.

रोजमेळ

आता कर्ज. 'देणी'खाली कर्जाचं खातं उघडा. सुरुवातीची शिल्लक म्हणून मूळ कर्जाची रक्कम टाकू नका. ज्या तारखेपासून हिशोब सुरू केलाय त्या तारखेला कर्जदात्याच्या विवरणात जी बाकी आहे ती टाका. समोरचं खातं 'ओपनिंग बॅलन्सेस', म्हणजे सुरुवातीच्या शिलकींचं खातं.

मग हप्त्याची नोंद फोडायची: बँकेतून २०,०००, त्यातले व्याज 'खर्च: कर्जाचं व्याज'मध्ये, मुद्दल कर्जाच्या खात्यात. मासिक व्याज साधारणपणे बाकी × वार्षिक दर ÷ १२. समजा बाकी २०,००,००० आणि दर ८.४ टक्के, व्याज १४,०००, मुद्दल ६,०००. पुढच्या महिन्यात बाकी १९,९४,०००, व्याज १३,९५८, मुद्दल ६,०४२. आकडे दर महिन्याला सरकतात, म्हणून गेल्या महिन्याची नोंद तशीच्या तशी उतरवून चालत नाही. काही कर्जदाते व्याज दिवसांवर मोजतात, तेव्हा आपला आकडा थोडा इकडेतिकडे होतो. वर्षाअखेरीस त्यांच्या विवरणाप्रमाणे एक दुरुस्तीची नोंद टाकली की पुरे, दर महिन्याला पैशापैशाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तिसरा_रकाना

रोखीबद्दल. एटीएममधून पैसे काढणं हा खर्च नव्हे. बँकेतून 'रोख' खात्यात हस्तांतर. त्यापुढे प्रत्येक बारीकसारीक खर्च लिहायचा अट्टहास करू नका, तो टिकत नाही. आठवड्यातून एकदा पाकीट मोजा. मोठे खर्च आठवतील तेवढे लिहा आणि उरलेला फरक 'किरकोळ, न लागलेला' या खात्यात टाका. हे खातं एकूण रोख खर्चाच्या एकपंचमांशाच्या वर जायला लागलं तरच खोलात शिरायचं.

खर्चाची खाती सुरुवातीला पंधरा-वीसच ठेवा. तयार यादीत खूप असतात आणि मग 'घरदुरुस्ती' की 'फर्निचर' यावर वाद घालण्यातच संध्याकाळ जाते. दोन खात्यांत गोंधळ होत असेल तर ती एक करा.

शिल्लकसांगा

वार्षिक खर्चांना बारा महिन्यांनी भागायचं हे सगळेच सांगतात, पण पहिल्या वर्षी तसं केलं की पैसे कमी पडतात. विम्याचा हप्ता २४,००० आहे आणि भरायला ८ महिने उरलेत; तर आत्तापासून महिना ३,००० बाजूला पडले पाहिजेत. तो भरून झाला की पुढच्या फेरीला महिना २,०००. म्हणून वार्षिक खर्चांची यादी करताना दोन गोष्टी लिहा: रक्कम आणि पुढची तारीख. नुसती रक्कम लिहून उपयोग नाही.

असे सहासात खर्च असले की पहिल्या वर्षाचा मासिक बोजा बराच मोठा दिसतो. झेपत नसेल तर सगळ्यात जवळच्या तारखेचा आधी भरून काढा, लांबचे नंतर.

आता ग्नूकॅश की पाकीट पद्धत. ग्नूकॅशमधलं बजेट म्हणजे ठरवलेल्या आणि झालेल्या रकमांची तुलना. ते पैसे 'अडवून' ठेवत नाही. विम्याचे साठवलेले १२,००० पगाराच्या खात्यातच पडून असतात आणि शिल्लक बघून ते खर्चायला मोकळे वाटतात. ग्नूकॅशमध्येच राहायचं तर बँक खात्याखाली 'विमा राखीव' असं उपखातं काढून दर महिन्याला तिथे हस्तांतर करता येतं. ताळमेळ घालताना मात्र उपखातीही धरावी लागतात. त्यासाठी ताळमेळाच्या खिडकीत वेगळा पर्याय आहे, तो विसरला की बँकेचा आकडा कधीच जुळणार नाही.

वायनॅब किंवा ॲक्च्युअल बजेट या पाकीट पद्धतीच्या सॉफ्टवेअरांत उलटं असतं: हातात आहेत तेवढेच पैसे पाकिटांत वाटायचे, पुढच्या पगाराचे नाहीत. एका पाकिटात कमी पडले तर दुसऱ्यातून काढायचे. कार्डाची वागणूक दोघांत वेगळी आहे. वायनॅबमध्ये कार्डावर खरेदी केली की तेवढी रक्कम त्या पाकिटातून आपोआप 'कार्डाचं बिल' पाकिटात सरकते. ॲक्च्युअलमध्ये असं वेगळं पाकीट नाही; कार्ड हे ऋण शिल्लक असलेलं साधं खातं असतं. एकातून दुसऱ्यात जाणारे इथेच अडखळतात.

रोजमेळ

माझं मत: दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन उत्तरं आहेत. कर्ज, गुंतवणूक, एकूण मालमत्ता किती हे बघायचं तर ग्नूकॅश. महिनाअखेरीला पैसे कुठे गेले हे कळत नसेल तर पाकीट. तुमचा हप्ता सुरळीत जातोय आणि महिन्याला पैसे उरताहेत. तुम्हाला सॉफ्टवेअर बदलायची गरज दिसत नाही.

खतावणी

दोघांनी वापरण्याबद्दल: ग्नूकॅश एका वेळी एकानेच वापरायचं सॉफ्टवेअर आहे. डेटाबेसमध्ये साठवलं तरीही. फाइल उघडली की शेजारी कुलपाची फाइल बनते आणि दुसऱ्याला इशारा मिळतो. पण क्लाउडवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ती कुलपाची फाइल पोचायला उशीर होतो. दोघांनी एकाच वेळी उघडलं तर फोल्डरमध्ये दोन प्रती तयार होतात आणि त्या एकत्र करायचा सोपा मार्ग नाही. एकाने फाइल सांभाळायची, दुसऱ्याने सीएसव्ही आणि पावत्या द्यायच्या. दोघांनाही आपापल्या यंत्रावरून नोंदी करायच्याच असतील तर ॲक्च्युअल बजेट. त्याचा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालवता येतो आणि प्रत्येक यंत्र त्याच्याशी समक्रमित होतं.

कुठलंही घ्या, पण महिन्याला एकदा सगळ्या नोंदी सीएसव्हीत निर्यात करून ठेवा. हिशोबाची सॉफ्टवेअरं बंदही पडतात: मायक्रोसॉफ्ट मनी २००९ मध्ये विक्रीतून गेलं, मिंट मार्च २०२४ मध्ये बंद झालं.

ताळमेळ_हवाय

हस्तांतरं जोडली, 'ट्रान्सफर' खाती शून्य झाली, कर्ज उघडलं. अहवालात आता उत्पन्न ९०,००० आणि खर्च ६०,००० येतोय. फक्त कार्डाचा ताळमेळ बसत नाही. विवरणातल्या बाकीपेक्षा माझी बाकी १,२४० ने जास्त दिसते. सगळ्या नोंदी आहेत, ओळींची संख्याही जुळते. सीएसव्ही आधी स्प्रेडशीटमध्ये उघडून रिकाम्या ओळी काढल्या होत्या, त्यामुळे काही झालं असेल का?

खतावणी

स्प्रेडशीटने रकमा सहसा बिघडत नाहीत. तारखा बिघडतात (दिवस १२ पर्यंत असेल तर दिवस आणि महिना गुपचूप अदलाबदल होतात) आणि १५ अंकांपुढचे संदर्भ क्रमांक शून्यात जातात. तरीही मूळ सीएसव्ही वेगळी जपून ठेवा आणि साफसफाई साध्या मजकूर संपादकात करा.

रोजमेळ

ओळी सगळ्या आहेत आणि तरी फरक आहे, म्हणजे एखादी ओळ उलट्या बाजूला पडलीय. अशा वेळी फरकाला दोनने भागायचं. १,२४० चे निम्मे ६२०. कार्डाच्या नोंदींत ६२० शोधा; बहुधा परत केलेल्या वस्तूचे पैसे असतील. बऱ्याच कार्डांच्या सीएसव्हीत सगळ्या रकमा धनच असतात आणि जमा की नावे हे शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं. आयात करताना रकमेचा रकाना 'अमाउंट निगेटेड' (चिन्ह उलटवलेली रक्कम) म्हणून घेतला की खरेदी बरोबर पडते, पण परतावाही खरेदी म्हणूनच पडतो.

(फरक ९ ने भागला जात असेल तर हाताने टाकलेल्या आकड्यात अंकांची अदलाबदल शोधायची, ३,६०० च्या जागी ६,३०० अशी. तुमचा १,२४० भागला जात नाही.)

ताळमेळ_हवाय

सापडली, ६२० चीच आहे, परताव्याची. उलटी करून 'उत्पन्न: इतर' मध्ये टाकू का?

रोजमेळ

नको. ज्या खर्चाच्या खात्यात मूळ खरेदी टाकली होती त्याच खात्यात वजा करून टाका. पुढच्या आयातीआधी सीएसव्हीत जमेच्या ओळींसमोर उणे चिन्ह लावा, म्हणजे निगेटेड करताना त्या आपोआप योग्य बाजूला पडतील.