‘मंजूर’ म्हणजे नेमके काय? तरतूद, दायित्व, वर्गीकरण

पानफूल: ‘उद्यानाच्या सुशोभीकरणासाठी ५० लाख मंजूर’ अशी वाक्ये बातम्यांत येतात. यातले ‘मंजूर’ म्हणजे पैसे मिळाले, की नुसता ठराव झाला? तरतूद, निधी, मान्यता हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

जमाखर्ची: नाही चालत. तरतूद म्हणजे अंदाजपत्रकात एखाद्या लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या ठरावीक खात्यापुढे, लिहिलेली रक्कम. तेवढ्यापर्यंत खर्च करायची मुभा, बस. तिजोरीत तेवढा पैसा असेलच असे नाही, कारण जमेची बाजूसुद्धा अंदाजच असते.

मान्यता कामाला मिळते आणि ती एकच नसते. पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज) झाले की प्रशासकीय मान्यता: काम हवे आहे का, तरतूद आहे का. मग तांत्रिक मान्यता: आराखडा, परिमाणे आणि दरसूचीप्रमाणे लावलेले दर बरोबर आहेत का. त्यानंतर निविदा, महापालिका असेल तर स्थायी समिती, करारनामा, आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश. बातमीतले ‘मंजूर’ यातल्या कुठल्याही पायरीवरचे असू शकते. ‘तत्त्वतः मान्यता’ असे लिहिले असेल तर बहुधा पूर्वगणनपत्रकाचाही पत्ता नसतो.

तळटीप: यात ‘दायित्व’ जोडा, गोंधळ तिथेच जास्त होतो. मागच्या वर्षी कार्यादेश दिलेल्या, पण बिले बाकी असलेल्या कामांचा बोजा म्हणजे दायित्व. समजा, ‘उद्यान विकास’ शीर्षावर १ कोटी आहेत आणि दायित्व ७० लाखांचे आहे. नव्या कामांना उरले ३० लाख. मग ५० लाखांचे काम ‘मंजूर’ असूनही कार्यादेश निघत नाही. ‘टोकन तरतूद’ हा तर निराळाच प्रकार: शीर्ष जिवंत राहावे म्हणून हजार रुपये टाकून ठेवायचे.

पानफूल: आणि ‘वर्गीकरण’? मला वाटायचे, प्राणी-वनस्पतींचे करतात ते.

जमाखर्ची: पुणे महापालिकेत वर्गीकरण म्हणजे एका शीर्षाची तरतूद दुसरीकडे वळवणे. काटेकोर शब्द ‘पुनर्विनियोजन’, पण सभागृहात तो फारसा कुणाच्या तोंडी नसतो. न वापरलेली तरतूद ३१ मार्चला व्यपगत (आपोआप रद्द) होते, म्हणून जानेवारीनंतर असे प्रस्ताव वाढतात. बागेची निविदा रखडलेली असली की तिचे पैसे रस्त्याच्या डांबरीकरणाकडे जातात, कारण ते काम लवकर उरकते आणि बिल मार्चच्या आत निघते.

ऱ्हस्वदीर्घ: ‘सुशोभिकरण’ असे सर्रास छापले जाते. वर्गीकरण, नूतनीकरण यांच्यासारखेच ते सुशोभीकरण, भी दीर्घ. अर्थाच्या दृष्टीनेही हा शब्द मला संशयास्पद वाटतो: त्यात फरशी, कारंजे, रंगीत दिवे, कमान सगळे खपते.

तळटीप: संशय रास्त आहे. कारंजे बसवणे हा भांडवली, म्हणजे एकदाच करायचा खर्च. त्याचे वीजबिल, पंपाची दुरुस्ती आणि माळी हा महसुली, म्हणजे दरवर्षीचा खर्च; त्याचे शीर्ष वेगळे. भांडवली बाजूला तरतूद होते, महसुली बाजूला कुणी वाढवून ठेवत नाही. दोषदायित्व कालावधीपर्यंत बांधकामातले दोष कंत्राटदाराच्या माथी असतात. तो संपला की गाळाने भरलेली टाकी आणि जाम झालेला पंप उरतो. पूर्वगणनपत्रकातच देखभालीची बाब धरली असेल तर हे टळते. वाचताना ‘देखभालीसह’ हा शब्द शोधावा.

पानफूल: ‘पुनर्विकासासाठी निधी’ हेही याच अर्थाने?

जमाखर्ची: सहसा नाही. इमारतींच्या पुनर्विकासात पैसा विकासकाचा असतो, मोबदला वाढीव चटईक्षेत्राचा (एफएसआय). महापालिकेला उलट अधिमूल्य (प्रीमियम) मिळते. अंदाजपत्रकातून जातो तो भोवतालचे रस्ते, मलनिःसारण, मोकळ्या जागा यांचा खर्च. त्यातच ‘उद्यानासाठी आरक्षित’ म्हणजे जागा महापालिकेची झाली असेही नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. तरतूद पाहताना ‘भूसंपादन’ शीर्षही त्यासाठीच पाहायचे.

तळटीप: मूळ वाक्याबद्दल तीन गोष्टी विचारा: लेखाशीर्ष कोणते, दायित्व वजा जाता शिल्लक किती, कार्यादेशाची तारीख काय. तिसऱ्याचे उत्तर आले तर ‘मंजूर’ लिहायला हरकत नाही.